एन्स्टोनची खुर्ची

२८ जुलै २०२३ चा शुक्रवार. बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर अल्पीनच्या गाड्या रविवारच्या शर्यतीची तयारी करत होत्या, आणि त्याच दिवशी संघाचं एक पत्रक निघालं. टीम प्रिन्सिपल ओटमार सॅफनाउअर आणि स्पोर्टिंग डायरेक्टर ॲलन परमेन यांचा या संघातला हा शेवटचा आठवडा, असं त्यात म्हटलं होतं. तांत्रिक बाजू सांभाळणारे पॅट फ्राय विल्यम्सला जाणार, हेही त्याच दिवशी कळलं. अल्पीन कंपनीचे मुख्याधिकारी लॉरां रोसी यांची उचलबांगडी तर आठवडाभर आधीच झाली होती. ज्यांना काढून टाकलं त्यांनीच आणखी दोन दिवस पिटच्या भिंतीपाशी बसायचं, टायर कधी बदलायचे ते सांगायचं आणि रविवारी संध्याकाळी सामान आवरायचं, असा तो प्रकार. दुसऱ्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत अल्पीनचा पियेर गास्ली तिसरा आला. त्याचं अभिनंदन करणाऱ्यांत नोकरी गेलेली माणसंही होती.

फॉर्म्युला वनमध्ये बडे अधिकारी जाणं-येणं नवं नाही. पण या संघाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. रेनोचा संघ २०२१ मध्ये अल्पीन या नावाने उतरला, तेव्हा आधीचे प्रमुख सिरिल अबितबुल बाहेर पडले. त्या वर्षी टीम प्रिन्सिपल असा कुणी नव्हताच. मार्चिन बुदकोव्स्की आणि मोटरसायकल शर्यतींतून आणलेले दाविदे ब्रिव्हिओ यांच्यात कामं वाटली होती, वरती रोसी. २०२२ च्या जानेवारीत बुदकोव्स्की गेले, सल्लागार असलेले चार वेळचे विश्वविजेते अलँ प्रॉस्टही गेले. मग सॅफनाउअर आले. दीड वर्षाने ते गेले, ब्रुनो फामिन आले, आधी हंगामी म्हणून, मग कायम. वर्षभरात त्यांच्या जागी ऑलिव्हर ओक्स. ओक्स यांनी ६ मे २०२५ ला राजीनामा दिला आणि कारभार संघाचे सल्लागार फ्लाव्हिओ ब्रियाटोरे यांच्याकडे गेला. सप्टेंबरपासून स्टीव्ह नीलसन. आता त्याच वर्षांचे निकाल पाहा. २०२२ मध्ये १७३ गुण आणि चौथं स्थान. २०२३ मध्ये १२० गुण आणि सहावं. २०२४ मध्ये ६५ गुण, स्थान पुन्हा सहावंच, आणि त्यातले ३३ गुण ब्राझीलच्या एका पावसाळी रविवारचे. २०२५ मध्ये २२ गुण आणि दहा संघांत दहावं.

यावरून दोन निष्कर्ष निघू शकतात. संघ हरत होता म्हणून माणसं बदलावी लागली, हा एक. माणसं बदलत राहिली म्हणून संघ हरत गेला, हा दुसरा. मला दोन्ही अपुरे वाटतात. माझं म्हणणं असं, की रेनोच्या पॅरिसमधल्या वरिष्ठांनी आपल्याला या संघाचं नेमकं काय करायचं आहे हे ठरवलंच नाही, आणि ते न ठरवण्याची किंमत दर वर्षी एका माणसाच्या नोकरीने चुकवली. संकटातल्या संघात प्रमुख कोण, हा दुय्यम प्रश्न आहे. त्या खुर्चीवरून काय ठरवता येतं आणि किती काळ ठरवता येतं, हे आधी विचारायला हवं.

काळापासून सुरुवात करतो, कारण प्रेक्षकांच्या आणि संचालक मंडळांच्या नजरेतून नेमकं तेच निसटतं. शर्यत दीड-दोन तासांत संपते, निकाल लगेच दिसतो, त्यामुळे सगळंच झटपट घडतं असा भास होतो. प्रत्यक्षात मार्चमध्ये मैदानात उतरणाऱ्या गाडीचा मूळ आराखडा आदल्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच आकार घेऊ लागतो. बाहेरून एखादा नामांकित एरोडायनॅमिक्सतज्ज्ञ आणायचा तर त्याचा आधीचा करार असतो, आणि तो संपल्यावरही कित्येक महिने त्याला सक्तीच्या रजेवर घरी बसावं लागतं. जुन्या संघाची ताजी गुपितं नव्या संघात जाऊ नयेत म्हणून ही तजवीज. तो येऊन खुर्चीवर बसेपर्यंत पुढच्या वर्षाची गाडी जवळपास ठरलेली असते, त्याच्या हातची म्हणावी अशी पहिली गाडी त्याच्या पुढच्या वर्षी धावते. विंड टनेल किंवा सिम्युलेटर उभारायचा तर आणखी वर्षं. शिवाय २०२१ पासून खर्चावर मर्यादा आहे, तेव्हा पैसे ओतून हा काळ आखडता येत नाही. म्हणजे आज नेमलेल्या प्रमुखाच्या कामाचा पहिला प्रामाणिक पुरावा दोन ते तीन वर्षांनी समोर येतो. अल्पीनमध्ये एवढा काळ कुणाला मिळाला? कुणालाच नाही. २०२६ ला नियम आमूलाग्र बदलणार होते आणि त्या गाडीचं विंड टनेलमधलं काम १ जानेवारी २०२५ पासूनच सुरू करायची मुभा होती. म्हणजे २०२५ हे तयारीचं वर्ष. त्याच वर्षाच्या मे महिन्यात प्रमुख गेला.

या विलंबाचा सगळ्यात कडवट दाखला होंडाचा आहे. फेरारीला सुवर्णकाळ दाखवणाऱ्या रॉस ब्रॉन यांना होंडाने २००७ च्या अखेरीस आणलं. २००८ ची गाडी सुधारण्यात अर्थ नाही, नियम बदलणार आहेत त्या २००९ वरच सगळा जोर लावू, असं त्यांनी ठरवलं. २००८ मध्ये संघ अवघ्या १४ गुणांवर नवव्या स्थानी राहिला. डिसेंबर उजाडला, जगभर मंदी होती, आणि होंडाने खेळातून अंग काढून घेतलं. ब्रॉन आणि सहकाऱ्यांनी तो संघ नाममात्र एका पौंडाला घेतला, मर्सिडीजचं इंजिन बसवलं, आणि २००९ च्या पहिल्या सातपैकी सहा शर्यती जेन्सन बटनने जिंकल्या. दोन्ही विजेतेपदं त्या एका पौंडाच्या संघाला मिळाली. होंडाने माणूस बरोबर निवडला होता, पैसे खर्च केले होते, वाईट वर्षही सोसलं होतं. फक्त पीक कापणीला आलं तेव्हा शेत विकून टाकलं.

याच्या उलट टोकाला ज्याँ टॉड. १९९३ च्या जुलैत ते फेरारीत आले तेव्हा तिथे ड्रायव्हरचं विजेतेपद येऊन चौदा वर्षं झाली होती. टॉडही लगेच जिंकले नाहीत. १९९६ च्या मध्यावर गाड्या एकामागून एक बंद पडत होत्या, इटलीची वृत्तपत्रं त्यांचं डोकं मागत होती, आणि टॉड गेले तर आपणही जाऊ असं मायकेल शूमाकरला ठणकावावं लागलं. पण अध्यक्ष लुका दि मोंतेझेमोलो डगमगले नाहीत. रॉस ब्रॉन आणि गाडीचे रचनाकार रोरी बर्न त्यानंतर आले. १९९९ मध्ये संघाचं विजेतेपद आलं आणि २००० मध्ये ड्रायव्हरचं, म्हणजे टॉड आल्यानंतर सात वर्षांनी. तिथपासून सलग पाच वर्षं शूमाकर जिंकत राहिला. त्याच फेरारीने २०१४ या एका वर्षात तीन प्रमुख पाहिले, डोमेनिकाली, मात्तियाच्ची आणि अरिव्हाबेने. नंतर बिनोत्तो, मग व्हासर. २००८ नंतर तिथे एकही विजेतेपद आलेलं नाही. जाता जाता एक नोंद. ब्रॉन आणि बर्न हे दोघे फेरारीला आले ते बेनेटन संघातून, म्हणजे ऑक्सफर्डशायरमधल्या एन्स्टोन नावाच्या लहानशा गावातून. तोच कारखाना आज अल्पीनचा आहे.

मॅक्लारेनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मताला ती पूर्ण सोयीची नाही. २०१५ ते २०१७ या होंडा इंजिनाच्या काळात हा संघ तळाशी गेला. रॉन डेनिस यांना २०१६ च्या अखेरीस दूर करण्यात आलं, झॅक ब्राउन आले. २०१८ च्या उन्हाळ्यात कर्मचाऱ्यांना जादा कामाबद्दल स्वस्तातली चॉकलेटं बक्षीस म्हणून दिली जातात अशी बातमी फुटली, सगळीकडे हसं झालं, आणि काही दिवसांत एरिक बूलिये यांनी राजीनामा दिला. २०१९ मध्ये आंद्रेआस झायडल टीम प्रिन्सिपल झाले. मॅक्लारेन तेव्हा स्वतःच्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती तपासायला जर्मनीतल्या कोलोनला, टोयोटाच्या विंड टनेलमध्ये नेत असे. स्वतःचं विंड टनेल उभारायचं ठरलं, ते २०२३ मध्ये चालू झालं. तोवर झायडल तिथे नव्हते. सॉबरला विकत घेऊन ऑडी फॉर्म्युला वनमध्ये उतरणार होती, तिकडे ते गेले होते. त्यांच्या जागी २०२२ च्या डिसेंबरात आंद्रेआ स्टेला आले. फेरारीत शूमाकर, रायकोनेन, अलोन्सो यांच्या गाड्यांवर काम केलेले आणि २०१५ पासून मॅक्लारेनमध्येच असलेले इंजिनिअर. २०२३ च्या पहिल्या दोन शर्यतींत मॅक्लारेनला शून्य गुण मिळाले. मार्चमध्येच स्टेला यांनी तांत्रिक विभागाची रचना मोडली, एका तांत्रिक संचालकाऐवजी काम तिघांत वाटलं. जुलैतल्या ऑस्ट्रियाच्या शर्यतीपासून गाडी वेगळीच धावू लागली. २०२४ मध्ये १९९८ नंतरचं पहिलं संघाचं विजेतेपद, २०२५ मध्ये दोन्ही. आणि झायडल? २०२४ च्या जुलैत, मॅक्लारेन शिखराकडे चाललेली असताना, ऑडीने त्यांना काढून टाकलं.

यश कुणाचं, झायडल यांचं की स्टेला यांचं? दोघांचंही. विंड टनेलसारख्या गोष्टी एकाच्या काळात ठरल्या आणि दुसऱ्याच्या काळात फळल्या. पण स्टेला यांनी केलेली फेररचना त्यांचीच होती, ती तीन महिन्यांत झाली, आणि तिचा परिणाम त्याच मोसमात दिसला. तेव्हा केवळ धीर धरा, सगळं आपोआप होईल, असं मी म्हणणार नाही. प्रमुख बदलल्याने लगेच फरक पडल्याची उदाहरणं आहेत. २०२३ मध्ये १२ गुणांसह शेवटच्या आलेल्या हासने ग्युंथर स्टाइनर यांना निरोप देऊन अयाओ कोमात्सु यांना नेमलं. पुढच्याच वर्षी ५८ गुण, सातवं स्थान. रेड बुलने वीस वर्षं प्रमुख राहिलेल्या ख्रिश्चन हॉर्नर यांना ९ जुलै २०२५ ला हटवलं, लॉरां मेकीस आले, आणि नेदरलँड्सच्या शर्यतीनंतर शंभराहून अधिक गुणांनी मागे पडलेला त्यांचा ड्रायव्हर व्हेरस्टॅपन शेवटी विजेतेपद फक्त दोन गुणांनी हरला.

स्टेला यांच्यासह या तिन्ही बदलांकडे नीट पाहिलं तर एक सारखेपणा दिसतो. कोमात्सु २०१६ पासून हासमध्येच होते. मेकीस रेड बुलच्याच धाकट्या संघातून आले. स्टेला सात वर्षं मॅक्लारेनमध्ये मुरलेले. तिघेही इंजिनिअर. गाडी कुठे अडते, कुणाचं ऐकून घेतलं जात नाही, कुठला कागद कुणाच्या टेबलावर पडून राहतो, हे त्यांना नेमणुकीच्या दिवशी ठाऊक होतं. आणि मालकाचं उद्दिष्ट बदललेलं नव्हतं. अशा ठिकाणी प्रमुख बदलणं म्हणजे चाललेल्या कामातला एक अडथळा काढणं. अल्पीनचे बदल या जातीचे नव्हते. तिथे नव्या माणसाबरोबर दर वेळी नवी दिशा, नवं वेळापत्रक आणि नवी वचनं आली. रोसी यांनी शंभर शर्यतींत विजेतेपदाच्या शर्यतीत येऊ अशी योजना मांडली होती. ती ऐकायला बरी होती, निदान तिच्यात काळाचं भान होतं. पण शंभर शर्यतींच्या निम्म्यावर पोहोचण्याआधीच योजना मांडणारा, ती राबवणारा आणि शर्यतीच्या दिवशी संघ हाकणारा, तिघेही घरी होते.

धीर धरण्याचीही एक वाईट जात असते, ती विल्यम्समध्ये दिसली. सर फ्रँक विल्यम्स यांच्या कन्या क्लेअर यांनी २०१३ पासून संघाचा रोजचा कारभार पाहिला. २०१४ आणि २०१५ मध्ये संघ तिसरा आला. मग घसरण. २०१९ मध्ये तर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा गाडीच तयार नव्हती. २०१८, २०१९, २०२० अशी सलग तीन वर्षं शेवटचं स्थान. घरचाच संघ, त्यामुळे खुर्ची हलली नाही. ती हलली २०२० मध्ये संघ डोरिल्टन कॅपिटलला विकल्यावर. नव्या मालकांनीही पहिल्यांदा चुकीच्याच जागी हात घातला, योस्ट कापिटो दोन वर्षांत गेले. मग २०२३ मध्ये मर्सिडीजमधून जेम्स व्हाउल्स आले. वीस हजारांच्या आसपास सुट्या भागांची यादी एका एक्सेल तक्त्यात ठेवून गाडी बांधली जाते, हे त्यांनी आल्यावर पाहिलं आणि जाहीरपणे सांगितलं. गंमत म्हणजे हे सांगितल्याबद्दल त्यांना कुणी काढलं नाही. २०२४ मध्ये संघ नववा आला, तरीही नाही. २०२५ मध्ये विल्यम्स १३७ गुणांसह पाचवा. इथे मालकाने काय दिलं? पैसे दिले, ते सगळेच देतात. नुकसान मान्य करण्याची मुभा दिली, ती फार थोडे देतात.

आता अधिकाराकडे येतो, कारण अल्पीनचं खरं दुखणं तिथे आहे. फ्रेड व्हासर, जे आज फेरारीचे प्रमुख आहेत, ते २०१६ मध्ये याच एन्स्टोनच्या रेनो संघाचे प्रमुख होते. वर्षभरातच गेले. अबितबुल आणि त्यांच्यात संघ कसा चालवायचा यावर मतभेद होते. एका संघाला एकच नेता आणि एकच वाट असावी लागते, दोन असल्या की कारखान्यातलं काम मंदावतं, अशा अर्थाचं व्हासर तेव्हा बोलले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे रेनोला २०१७ च्या जानेवारीतच कळायला हरकत नव्हती. सॅफनाउअर यांनीही नोकरी गेल्यानंतर मुलाखतींतून सांगितलं, की मनुष्यबळ, अर्थ, संपर्क असे विभाग त्यांच्या हाताखाली नव्हतेच, ते थेट फ्रान्सला उत्तरदायी होते. टीम प्रिन्सिपल म्हणून मिरवायचं, पण कुणाला घ्यायचं आणि किती पगार द्यायचा हे दुसऱ्या देशातलं कार्यालय ठरवणार.

आणि इंजिन. गाडी एन्स्टोनला बनते, इंजिन पॅरिसजवळच्या विरी-शातियों इथे बनत असे. १९७७ मध्ये टर्बो इंजिन घेऊन रेनो या खेळात उतरली, आणि विल्यम्स, बेनेटन, रेड बुल यांच्या कित्येक विजेतेपदांमागे रेनोचीच इंजिनं होती. पण २०२२ पासून नियमांनी इंजिनांचा विकास गोठवला, आणि रेनोचं इंजिन ताकदीत प्रतिस्पर्ध्यांच्या मागे राहून तिथेच अडकलं. कायद्यानेच ज्याला हात लावता येत नाही, अशा भागामुळे जाणाऱ्या वेळाची शिक्षा कुणाला? एन्स्टोनच्या प्रमुखाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, याचं यापेक्षा चोख उदाहरण मला या खेळात सापडत नाही. त्यातही वरकडी अशी, की सॅफनाउअर यांच्या जागी जे फामिन आणले, ते विरीच्या इंजिन विभागाचे प्रमुख होते.

तरुण ड्रायव्हर ऑस्कर पियास्त्रीचं प्रकरण याच मुळातून आलं. १ ऑगस्ट २०२२ ला अल्पीनच्या फर्नांडो अलोन्सोने आपण ॲस्टन मार्टिनला जात असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी अल्पीनने पियास्त्रीचं नाव २०२३ साठी घोषित केलं आणि त्याच संध्याकाळी पियास्त्रीने आपण अल्पीनसाठी गाडी चालवणार नसल्याचं जगाला कळवलं. त्याने मॅक्लारेनशी करार केला होता. करार तपासणाऱ्या मंडळाने सप्टेंबरात मॅक्लारेनच्या बाजूने निकाल दिला, कारण अल्पीनने वेळेत पक्का करार केलाच नव्हता. कागदांचा हा घोळ सॅफनाउअर रुजू होण्याआधीच्या महिन्यांतला. पण तोंड त्यांचं काळं झालं. ज्या पोराला अल्पीनने चाचण्यांसाठी हजारो किलोमीटर गाडी चालवू दिली, तो मॅक्लारेनच्या दोन विजेतेपदांत भागीदार झाला.

माणसांची वानवा एन्स्टोनला कधीच नव्हती, हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. ब्रॉन आणि बर्न तिथले. मर्सिडीजचे जेम्स ॲलिसन तिथे घडलेले. हासचे कोमात्सु तिथे काम करून गेलेले. व्हासर तिथून गेलेले. आणि ॲलन परमेन, जे बेनेटनच्या दिवसांपासून चौतीस वर्षं त्या संघात होते आणि ज्यांना स्पामध्ये दोन दिवसांच्या मुदतीने निरोप मिळाला, ते रेसिंग बुल्सला गेले. २०२५ च्या जुलैत तिथले टीम प्रिन्सिपल झाले. वर्षअखेरीस रेसिंग बुल्स ९२ गुणांसह सहावा संघ होता. अल्पीनचे २२ गुण, तेही सगळे एकट्या गास्लीचे. अपात्र म्हणून काढलेला माणूस शेजारच्या गॅरेजमध्ये चौपट गुण मिळवणाऱ्या संघाचा प्रमुख असेल, तर पात्रता ठरवणाऱ्यांचीच परीक्षा कुणीतरी घ्यायला हवी.

ती कुणी घेत नाही, कारण संघ हरला तरी मालक हरत नाही. २०२३ च्या जूनमध्ये, स्पाच्या त्या शुक्रवारच्या महिनाभर आधी, काही अमेरिकी गुंतवणूकदारांनी अल्पीन संघातला २४ टक्के हिस्सा २० कोटी युरोंना विकत घेतला. संघाचं मोल त्या हिशेबाने ९० कोटी डॉलरच्या आसपास ठरलं. नंतर संघ गुणतक्त्यात खाली गेला, पण या खेळातल्या संघांच्या किमती चढतच राहिल्या. संघांची संख्या मोजकी, खर्चाला कमाल मर्यादा, प्रक्षेपणाच्या उत्पन्नात सगळ्यांचा वाटा, आणि तळाच्या संघाला विंड टनेलचा वेळ उलट जास्त. पूर्वी सतत हरणारा संघ दिवाळखोरीत निघे, आता तो हरत हरत श्रीमंत होतो. मग हरण्याबद्दल कुणीतरी शिक्षा भोगली असं तर दिसायला हवं. प्रेक्षकांना, भागधारकांना, प्रायोजकांना. नेटफ्लिक्सच्या मालिकेने टीम प्रिन्सिपलला पडद्यावरचं पात्र करून ठेवलंय, तेव्हा त्या पात्राचा शेवट दाखवणं सोपं आणि परिणामकारक. संचालक मंडळाची बैठक मात्र कुणी चित्रित करत नाही.

आपल्याकडच्या महिंद्राचं उदाहरण इथे द्यायला हवं. विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत हा मुंबईचा उद्योगसमूह २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे. २०२२ मध्ये संघाचा चेहरा असलेले दिलबाग गिल गेले आणि फ्रेडरिक बर्ट्रां आले. त्यानंतरचा मोसम इतका वाईट गेला, की केपटाउनला सस्पेन्शनच्या सुरक्षिततेची खात्री नाही म्हणून गाड्याच मागे घ्याव्या लागल्या. तरी बर्ट्रां राहिले. २०२४-२५ मध्ये महिंद्रा चौथ्या स्थानावर आली. मराठी क्रीडा पानांवर या प्रवासाला फारशी जागा मिळाली नाही, कारण त्यात कुणाची हकालपट्टी नव्हती.

अल्पीनकडे परत येऊ. ३० सप्टेंबर २०२४ ला रेनोने विरीचा फॉर्म्युला वन इंजिन कारखाना २०२५ नंतर त्या कामासाठी बंद करण्याचं जाहीर केलं. त्याच्या आधीच्या मॉन्झाच्या शर्यतीत विरीचे कर्मचारी निषेधाचे टी-शर्ट घालून प्रेक्षकांत बसले होते. २०२६ पासून अल्पीनला मर्सिडीजचं इंजिन. या निर्णयाबद्दल वाद होऊ शकतो, फ्रेंच अभिमान दुखावला हेही खरं. पण निदान तो एक निर्णय होता, आणि तो दहा वर्षं आधी घ्यायचा की इंजिनवर जिवापाड पैसे लावायचे, याचं उत्तर मालकानेच द्यायचं होतं. समूहाचे प्रमुख लुका दे मेओ यांनी २०२४ च्या जूनमध्ये ब्रियाटोरे यांना परत आणलं. हे तेच ब्रियाटोरे, ज्यांनी शूमाकर आणि अलोन्सोबरोबर एन्स्टोनला विजेतेपदं मिळवून दिली, आणि २००८ च्या सिंगापूरमधल्या मुद्दाम घडवलेल्या अपघाताबद्दल ज्यांच्यावर आजन्म बंदी आली होती. ती बंदी पुढे फ्रेंच न्यायालयाने रद्द केली. वर्षभरात दे मेओ स्वतःच रेनो सोडून केरिंग या फॅशन समूहाकडे गेले. इंजिन बंद करणारा गेला, ब्रियाटोरेंना आणणारा गेला, निर्णय मात्र मागे राहिले.

२०२५ चा मोसम अल्पीनने लवकर सोडून दिला आणि सगळं लक्ष २०२६ च्या गाडीकडे वळवलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ब्रॉन यांनी २००८ मध्ये हेच केलं होतं. फरक असा, की ब्रॉन यांच्या हाती सगळी सूत्रं होती. स्टीव्ह नीलसन हा जुना, जाणता माणूस आहे, एन्स्टोनमध्ये पूर्वी काम केलेला, शर्यतीचे नियम आणि त्यातल्या पळवाटा जाणणारा. त्यांना मॅनेजिंग डायरेक्टर असं पद दिलंय, आणि त्यांनी ब्रियाटोरे यांना उत्तर द्यायचं आहे. ब्रियाटोरे सल्लागार, त्यांच्यावर रेनो समूहाचे नवे प्रमुख फ्रांस्वा प्रोव्हो. म्हणजे पुन्हा कारभार एकाचा आणि अखेरचा शब्द दुसऱ्याचा. मर्सिडीजच्या इंजिनामुळे गाडी पुढे सरकेल, कदाचित बरीच सरकेल. पण ती सरकली तर श्रेय इंजिनला जाईल आणि अडली तर दोष नीलसन यांना, एवढं आजच सांगता येतं. या खुर्चीवरचा हा शेवटचा बदल आहे, यावर माझा विश्वास नाही.